कार्ड तुमचे, करंट कोणाचा?

संगणकात गेमसाठी ग्राफिक्स कार्ड असलेल्या घरांत, बेळगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंत, सध्या एक वाद हटकून होतो. पोरगा म्हणतो, गेम खेळून झाला की कार्ड रात्रभर रिकामेच असते, त्यावर क्रिप्टोचे मायनिंग लावले, म्हणजे कार्डाला गणिते सोडवायला लावून आभासी नाणी मिळवली, तर चार पैसे सुटतील, आणि गृहज्योती या कर्नाटकातल्या मोफत विजेच्या योजनेमुळे लाईट बिलाची काळजी नाही. बाप म्हणतो, हा सट्टा आहे, बंद कर ते यंत्र. कागल-गडहिंग्लजकडचा मावसभाऊ त्यात भर घालतो : तुमच्याकडे वीज फुकट, आमच्याकडे महावितरणचे बिल, तेव्हा माझेही कार्ड तुमच्याच घरी लावू या. त्यातच कोणीतरी सांगतो की हेच कार्ड शास्त्रज्ञांच्या कामाला फुकट देता येते. त्यावर सगळे मिळून त्याला वेड्यात काढतात. वाद पुन्हा ‘किती सुटतात’ या एकाच प्रश्नावर येतो आणि तिथेच अडकतो.

हा वाद चुकीच्या जागी मांडला जातो आहे. रात्रभर चालणाऱ्या कार्डाबद्दल आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात : त्यातून निघणारे उत्तर कोणाच्या उपयोगाचे आहे, आणि त्यासाठी जळणारी वीज कोणाच्या खिशातून जाते? आपल्या भागातले घरगुती मायनिंग या दोन्ही प्रश्नांवर नापास होते. विज्ञानासाठी दिलेले संगणन पहिल्या प्रश्नावर पास होते. दुसऱ्यावर पास होण्यासाठी त्यालाही एक अट पाळावी लागते. ती अट मायनिंगविरोधी मंडळींनाही आवडणार नाही, पण तिच्याकडे मी पुढे येईन.

आधी पोरांची बाजू. ती पोकळ नाही. कार्ड त्यांच्या पैशाने घेतलेले आहे. मायनिंग करणे हा आपल्या देशात गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द ठरवले. पुढे 2022 च्या अर्थसंकल्पात सरकारने या कमाईवर कर लावला. ज्यावर सरकार कर घेते त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांनी चोरी म्हणावे, हे पोरांना पटणार कसे? शिवाय इंजिनीअरिंग करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दहा-बारा हजारांवर राबणाऱ्या मुलाने दुसरी वाट शोधली तर त्यात त्याचा दोष काय? 2021 मध्ये ज्यांनी घरच्या कार्डावर इथेरियम या नाण्याचे मायनिंग केले, त्यांच्यातल्या काहींनी कार्डाची किंमत खरोखरच वसूल केली. हे नाकारून पोरांशी बोलायला गेलो तर ती पहिल्याच वाक्याला कान बंद करतील, आणि ते योग्यच होईल.

पण 2021 संपले. बिटकॉइनपुरते बोलायचे तर घरगुती ग्राफिक्स कार्डाचा काळ 2013 च्या सुमारासच गेला. त्या एकाच हिशेबासाठी घडवलेली एसिक नावाची यंत्रे आली आणि त्यांच्यापुढे कोणतेही कार्ड टिकेना. कार्डवाल्यांचा खरा आधार इथेरियम होता. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून अधिक घटला. जगभरची बेकार झालेली कार्डे मग उरलेल्या छोट्या नाण्यांवर तुटून पडली आणि तिथला प्रत्येकाचा वाटा पातळ झाला. बहुतेक घरगुती कार्डांची रोजची कमाई तेव्हापासून विजेच्या खर्चाच्या आतबाहेर घुटमळते. नाणे विकून नफा झालाच तर 30 टक्के कर आणि वर उपकर. विक्रीच्या वेळीच 1 टक्का आगाऊ कापून घेतला जातो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मायनिंगची यंत्रणा उभारायला आलेला खर्चही खरेदीचा खर्च म्हणून दाखवता येणार नाही, असे सरकारने 2022 मध्येच संसदेत सांगितले आहे. तेव्हा ‘परवडते’ म्हणणाऱ्या पोराच्या हिशेबात एकच गोष्ट त्याला तारते : वीज फुकट आहे हे गृहीतक.

ते गृहीतक तपासू. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजना आहे. घराचा 2022-23 मधला सरासरी वापर आणि त्यावर 10 टक्के, एवढी वीज मोफत, हा तिचा मूळ नियम. त्याच्या वर पण 200 युनिटांच्या आत राहिलात तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. 200 ओलांडले की संपूर्ण बिल भरायचे. आता आरटीएक्स 3060 हे आपल्याकडे बऱ्याच पोरांकडे असलेले कार्ड घ्या. पूर्ण ताकदीने ते 170 वॅट खाते. चोवीस तास चालवले तर दिवसाला 4 युनिटांहून थोडे जास्त, महिन्याला सुमारे 122 युनिट. ज्या घराची सरासरी 80 युनिट आहे त्याला 88 मोफत मिळतात. 80 मध्ये 122 मिळवा : 202. म्हणजे एका कार्डापायी घराची सगळी सवलत गेली, आणि अजून बाकीच्या संगणकाची वीज आपण धरलेलीच नाही. युनिटला सहाएक रुपये आणि वर स्थिर आकार धरला तर बाराशे-तेराशेचे बिल आईच्या हातात पडते. शून्य बिलाची सवय झालेल्या घरात ते कोणत्या शब्दांत पोराच्या अंगावर येईल, हे मला सांगायला नको.

यावर हुशार पोरगा म्हणेल, मग मी वेळ कमी करतो, कार्डाची ताकद साठ-सत्तर टक्क्यांवर बांधतो आणि मोफत मर्यादेच्या आत बसवतो. त्याच्याकडे याहून जोरदार मुद्दाही आहे. फुकट युनिटांवर कोणी दिवसभर मालिका बघते, कोणी पंखा बंद न करता बाहेर जाते, त्यांना कोणी विचारत नाही. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपालाही वीज मोफत आहे. मग मलाच का विचारता? प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. घराच्या वापराला घराचीच मर्यादा असते. चार माणसांचे घर चार माणसांपुरतीच वीज वापरते. भूक भागली की ते थांबते. शेतीपंपाची वीज समाजाने पिकासाठी म्हणून ठरवून दिली आहे, आणि तीही शेतकऱ्याला हवी तेव्हा मिळत नाही. थ्री फेजच्या ठरलेल्या तासांसाठी खानापूर-अथणीकडचा माणूस रात्री-अपरात्री उठून मोटार चालू करायला जातो. मायनिंगला अशी कुठलीच मर्यादा नाही. जितकी वीज स्वस्त तितकी जास्त कार्डे, एवढाच त्याचा नियम. आणि त्यातून निघते ते विकायला निघते. घरच्या वापरासाठी दिलेल्या सवलतीतून विक्रीचा माल काढायचा आणि त्याची किंमत करदात्याने भरायची, याला आपल्याकडे आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. मावसभावाचे कार्ड इकडे आणून लावणे तर त्याच्याही पुढचे आहे. कर्नाटकाच्या करदात्याने कोल्हापूर जिल्ह्यातल्या कार्डाला वीज का द्यायची? सीमेच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे आहेत, हे मी कोणापेक्षाही कमी मानत नाही. पण नात्याचा उपयोग सवलत पळवण्यासाठी करू नये, हेही त्या नात्यातच येते.

स्वस्त वीज आणि मायनिंग एकत्र आले की काय होते, हे जगाने पाहिले आहे. इराणमध्ये सरकारी अनुदानामुळे वीज अतिशय स्वस्त. मायनिंगची यंत्रे तिथे घराघरांत आणि गोदामांत शिरली. 2021 च्या उन्हाळ्यात शहरांत वीज जाऊ लागली तेव्हा सरकारला मे महिन्यात परवानाधारकांसकट सगळ्यांचे मायनिंग चार महिन्यांसाठी बंद करावे लागले. त्याच वर्षी चीनने मायनिंगवर बंदी घातली, बरीच यंत्रे शेजारच्या कझाकस्तानात गेली, आणि हिवाळ्यापर्यंत तिथे विजेचा तुटवडा उभा राहिला. ‘आपल्या दोन-चार कार्डांनी आपली वीज कंपनी हेस्कॉम बुडणार आहे का?’ असे कोणी विचारेल. नाही बुडणार. पण इराणमधल्या पहिल्या दोन-चार घरांनीही हेच म्हटले असणार. सवलतीचा असा वापर वाढला की सरकार आधी सवलत आवळते, आणि ती आवळली जाते तेव्हा फटका कार्डवाल्याला बसत नाही, वडगाव-खासबागेतल्या मागवाल्याच्या घराला बसतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू, कारण खरे मर्म तिथे आहे. मायनिंग करणारे कार्ड नेमके काय मोजते? व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला एक आकडा जोडून ते ठरावीक सूत्रातून काढते आणि निकाल ठरलेल्या मर्यादेच्या खाली आला का बघते. नाही आला तर दुसरा आकडा. सेकंदाला लाखो-कोट्यवधी वेळा हेच. ज्याला आकडा सापडतो त्याला बक्षीस. बाकी सगळ्यांनी त्या वेळात केलेली मोजणी कोणालाही, कधीही, कशालाही उपयोगी पडत नाही. क्रिप्टोच्या बाजूचे जाणकार यावर म्हणतात की हा अपव्यय हीच सुरक्षितता आहे : खोटा हिशेब घुसवायला कोणाला तितकीच वीज जाळावी लागेल, म्हणून कोणी घुसवत नाही. हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, आणि ते मान्य न करता मायनिंगला मूर्खपणा म्हणणाऱ्यांनी ते समजूनच घेतलेले नाही. पण 2008 च्या मूळ मसुद्यात बिटकॉइनच्या कर्त्याने ‘एक प्रोसेसर, एक मत’ अशी कल्पना मांडली होती. घरोघरच्या संगणकांनी मिळून हिशेब राखायचा, बड्यांच्या हातात सत्ता जाऊ द्यायची नाही. ती कल्पना सुंदर होती. आज ते मत एसिकच्या गोदामांकडे आणि अनेकांची यंत्रे एकत्र जोडणाऱ्या मोजक्या मोठ्या पूलांकडे गेले आहे. निपाणीतल्या एका कार्डाने त्या सुरक्षिततेत काय भर पडते? आणि नसेल पडत, तर त्या कार्डाने रात्रभर काय केले?

याच ‘मायनिंग’च्या नावाने आपल्या भागातल्या साध्या माणसांना किती लुबाडले गेले, हे इथेच सांगून टाकतो. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने मायनिंगमधून अठरा महिने दरमहा दहा टक्के देण्याचे आमिष दाखवले होते. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली. घरच्या कार्डावर मायनिंग करणारा पोरगा फसवा नाही, पण त्याच्या कौतुकाच्या गोष्टी ऐकूनच शेजारचा निवृत्त मास्तर अशा योजनेत पैसे घालतो.

दुसऱ्या बाजूला काय आहे? 1996 पासून घरगुती संगणकांवर मोठमोठ्या मूळ संख्यांचा शोध चालू आहे; 2024 मध्ये सापडलेल्या मूळ संख्येत 4 कोटी 10 लाखांहून अधिक अंक आहेत, आणि ती शोधण्याचे काम ग्राफिक्स कार्डांवर झाले. 1999 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाने परग्रहावरच्या संकेतांचा शोध लोकांच्या संगणकांवर वाटून दिला. लाखो लोक त्यात सामील झाले. 2020 मध्ये काम वाटणे थांबले तोवर संकेत सापडला नव्हता. विरोधक हे उदाहरण नेहमी पुढे करतात. पण ‘इथे शोधले, नाही सापडले’ हेही उत्तरच असते. पुढच्या माणसाला तिथे पुन्हा शोधावे लागत नाही. त्याच मंडळींनी बोइंक हे सॉफ्टवेअर तयार केले, ज्यावर आज डझनावारी प्रकल्प चालतात. 2010 मध्ये आइन्स्टाइन अॅट होम या प्रकल्पात आयोवातल्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या संगणकांवर एक नवा पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा मृत ताऱ्याचा अवशेष, सापडला, पृथ्वीपासून सुमारे 17,000 प्रकाशवर्षे दूर, सेकंदाला 41 वेळा फिरणारा. तो आता कायमचा माणसाच्या नोंदीत आहे.

सगळ्यात जवळचे उदाहरण कोविडचे. 2000 मध्ये स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेला फोल्डिंग अॅट होम प्रकल्प प्रथिने कशी घड्या घेतात आणि हलतात याचे गणित करतो. मार्च 2020 मध्ये लोक घरात अडकले आणि त्यांनी आपली कार्डे त्याला दिली. काही आठवड्यांत त्या सगळ्यांची एकत्रित ताकद एक एक्झाफ्लॉपच्या वर गेली, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतकी गणिते. तेव्हा जगातला एकही महासंगणक तिथे पोचला नव्हता. एवढ्या ताकदीने विषाणूच्या प्रथिनांची जी हालचाल मोजली ती सगळी मिळून होती एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढी. मला हा आकडा फार बोलका वाटतो. निसर्ग जे डोळ्याची पापणी लवेपर्यंत करतो ते समजायला लाखो घरांची कार्डे लागली. त्यातून विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनाचे असे कोपरे दिसले जे स्थिर चित्रात दिसत नाहीत.

इथे तीन आक्षेप येतात. पहिला : आता आल्फाफोल्डसारखी कृत्रिम बुद्धी प्रथिनाचा आकार थेट सांगते, मग घरच्या कार्डांची गरज काय? आकार सांगते, हे खरे. पण प्रथिन स्थिर नसते, ते उघडते, मिटते, वळते, आणि औषध त्या हालचालीतल्या एखाद्या क्षणाला चिकटते. ती हालचाल अजूनही मोजूनच कळते. दुसरा : आपण फुकट मोजायचे आणि परदेशी औषध कंपन्यांनी कमवायचे? हा संशय अनुभवातून आलेला आहे, त्याला हसू नये. म्हणूनच प्रकल्प निवडताना त्याचे निष्कर्ष खुले असतात का ते पाहावे. कोविडवर गोळी शोधण्यासाठी निघालेली मूनशॉट मोहीम पेटंट न घेता चालली, तिला फोल्डिंग अॅट होमचे गणित लाभले, आणि तिचे काम 2023 मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. 2016 मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पाने क्षयाच्या जंतूच्या मेणचट कवचाचे गणित लोकांच्या संगणकांवर केले. जगातल्या क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात असताना, तंबाखूच्या धुळीत बसून बिडी वळणाऱ्या बायकांच्या निपाणीत, त्या कवचाचे गणित परक्याचे कसे म्हणायचे?

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे : विज्ञानासाठी असो की नाण्यासाठी, वीज तेवढीच जळते, आणि मोठ्या डेटा सेंटरमध्ये तेच काम कमी विजेत होते. हे मी पूर्ण मान्य करतो. म्हणून माझी अट अशी आहे : ज्यांचे बिल गृहज्योतीत शून्य येते त्यांनी घरी हेही चालवू नये. करदात्याच्या विजेवर दान करणे हे दान नव्हे. ज्यांचा वापर 200 च्या वर जातो आणि जे पूर्ण बिल भरतात त्यांनी चालवावे, ज्यांच्या छतावर सोलर आहे त्यांनी दुपारी चालवावे. आणि विज्ञानासाठी म्हणून नवे कार्ड विकत घेऊ नये. आहे तेच वापरावे.

मग मायनिंगमध्येच उपयोगी गणित का घालत नाहीत, असा प्रश्न पोरे विचारतात. प्रयत्न झाले आहेत. 2013 मध्ये प्राइमकॉइन या नाण्याने मूळ संख्यांच्या साखळ्या शोधायला लावल्या. पण नाण्याला असे कोडे लागते जे सोडवायला अवघड, तपासायला क्षणाचे, आणि ज्याची अवघडाई हवी तशी कमी-जास्त करता येते. प्रथिनाची हालचाल तशी नाही. ती बरोबर मोजली की नाही हे कळायला पुन्हा मोजावी लागते. म्हणूनच बोइंकवरचे बरेच प्रकल्प एकच काम दोन वेगळ्या संगणकांना देऊन उत्तरे ताडून पाहतात. ग्रिडकॉइन हे नाणे बोइंकवरच्या कामाला मोबदला देते. त्यात वाईट काही नाही, पण त्यावर घर चालणार नाही, आणि तो 30 टक्के कर तिथेही आहेच.

‘एका कार्डाने काय होणार?’ हे वाक्य मायनिंग करणाऱ्यापेक्षा विज्ञानाला कार्ड देऊ पाहणाऱ्याला जास्त ऐकवले जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पैसा फंडाबद्दल हेच म्हटले गेले. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अनेकांना पोरकट वाटली. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि 1908 मध्ये तळेगावला त्या पैशांतून काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे देणाऱ्याला व्याज मिळत नव्हते, लॉटरीही नव्हती. कारखाना मात्र दिसत होता.

आणि पोराला यातून काय मिळते? पैसे नाहीत, पण कार्डाची ताकद बांधणे, उष्णता सांभाळणे, लिनक्स आणि ड्रायव्हर बसवणे, समांतर गणित म्हणजे काय हे हाताने कळणे, हे सगळे मिळते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये याच बेळगावात सायकलचे दुकान काढले. कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्याच्या पाठोपाठ इथेच झाले. यंत्राशी झटापट करणाऱ्या हातांची या गावाला ओळख आहे.

म्हणून माझी मागणी घरांपेक्षा कॉलेजांकडे जास्त आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे, जिल्ह्यात इंजिनीअरिंगची कॉलेजे आहेत, त्यांच्या लॅबमधले संगणक संध्याकाळनंतर बंद असतात, आणि संस्थेचे बिल संस्था भरते. प्राचार्यांच्या लेखी परवानगीने एका लॅबचे दहा संगणक जून ते फेब्रुवारी रात्री बोइंक किंवा फोल्डिंगला द्यावेत. मार्च ते मे उकाडा आणि विजेची ओढ असते, तेव्हा बंद ठेवावेत. परवानगीशिवाय कोणी पोराने गुपचूप काही बसवू नये, ते विज्ञानासाठी असले तरी. त्या लॅबला वेगळा सबमीटर लावावा, महिन्याचे युनिट आणि झालेले काम दोन्ही सूचना फलकावर लावावे, म्हणजे ज्याला हा अपव्यय वाटतो त्याला आकडे समोर ठेवून भांडता येईल. खानापूरकडे पावसाळ्यात वारंवार वीज जाते, पण त्याने काम वाया जात नाही. प्रकल्प मधूनमधून प्रगती जतन करतात आणि करंट आला की तिथूनच पुढे मोजतात. पहिल्या सत्राला एवढे पुरे. दुसऱ्या सत्रात कोणता प्रकल्प घ्यायचा हे विद्यार्थ्यांनी ठरवावे, आणि माझे मत विचारले तर मी क्षयाचे काम पुन्हा कुठे चालू आहे का ते आधी पाहायला सांगेन.